आत्याची किळस

आमच्या आत्याला कशाचीही किळस यायची. लग्नात नवरा-नवरी एकमेकांना केक भरवायला लागले की ती मान फिरवायची. दुकानदाराने जिभेला बोट लावून नोटा मोजल्या की त्या रुमालात धरून घरी आणायची. हॉटेलात वेटरने चार ग्लासांत चार बोटं बुडवून पाणी आणलं, की तिच्या नाकातून जो ‘ईऽऽ’ निघायचा, त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसांचाही घास अडायचा. माझ्या लग्नात सासूबाई स्वतःच्या ताटातली जिलबी तिला भरवायला आल्या, तेव्हा तिने सगळ्यांदेखत तोंड मागे घेतलं. सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत. लालबागच्या आमच्या बिल्डिंगीत पोरं तिला ‘ई-आत्या’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. “म्हणू देत. माझ्यासमोर नाकात बोट घालत नाहीत ना, झालं तर मग,” एवढंच म्हणायची.

ही बाई नोकरी कुठे करत होती, तर परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आयुष्यभर लोकांची थुंकी, लघवी आणि शी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसली. तिथे एकदाही तिने नाक मुरडलं नाही असं तिच्याबरोबरच्या बायका सांगतात. मी एकदा तिला विचारलं, “आत्या, तिथे नाही वाटत तुला घाण?” ती म्हणाली, “त्यात काय वाटायचं? माणूस आजारी असतो. जे आहे ते डबीत भरून, वर नाव लिहून देतो. याहून सरळ व्यवहार मी बाहेर कुठे पाहिला नाही.”

तिने लग्न केलं नव्हतं. बिल्डिंगीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे माझे बाबा (तिचे धाकटे भाऊ), मी आणि माझा संसार. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची गाडी.

गाडी साठच्या दशकातली अमेरिकन, आठ सिलिंडरची, फिक्या निळ्या रंगाची. गल्लीत वळवायची तर आधी गल्ली रिकामी करावी लागे. माझे आजोबा एका कापडवाल्या शेठजींचे ड्रायव्हर होते. शेठजी देश सोडून गेले तेव्हा ती आजोबांना देऊन गेले. ड्रायव्हरला दिलेली गाडी ड्रायव्हरने पोसायची कशी, हा विचार शेठजींनी केला नसावा. आजोबांनी काही वर्षं हौस केली, मग इंजिनावरचा मूळचा, पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर काढून विकला आणि जीपचा एक छोटा कार्बोरेटर बसवला. मूळचा चार बॅरलचा होता, म्हणजे इंजिनाला श्वास घ्यायला चार भोकं. पुढची दोन नेहमी चालू, मागची दोन पाय दाबल्यावरच उघडणारी. जीपच्या कार्बोरेटरला एकच भोक. पेट्रोल वाचलं, पण गाडी त्या दिवसापासून दमेकऱ्यासारखी चालायला लागली. “हत्तीक बकऱ्याचा नाक लावलंय मी,” असं आजोबा मरेपर्यंत म्हणत. त्यांना त्याची लाज वाटायची.

आजोबांनीच आत्याला गाडी शिकवली होती. ते गेल्यावर रविवारची सकाळ ती त्या शेडमध्ये काढायची. शेजारी मसाल्याचा डंक होता. मे महिन्यात तिथे मिरची कुटायला लागली की गाडीवर तांबडा थर बसायचा, आणि आत्या शिंकत शिंकत इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभी असायची. काळं तेल, ग्रीस, जळकी काजळी यांची तिला किळस नव्हती. किळस यायची ती गणपतीत. दर्शनाच्या रांगेतून फुटलेली माणसं शेडमध्ये घुसून बॉनेटला रेलून फोटो काढायची, प्रसादाचे चिकट हात काचेला पुसायची. “शिरा पडली तुमच्या तोंडार,” असं ओरडत ती फडकं घेऊन धावायची, आणि तो ओरडासुद्धा कोणीतरी मोबाईलवर टिपत असायचं.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्या इंजिनाचा मूळचा, चार बॅरलचा कार्बोरेटर. तसा दुसरा कुठे सापडला तर आजोबांची चूक दुरुस्त होणार होती.

त्या शोधातच प्रधानसाहेब भेटले. जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी सकाळी दक्षिण मुंबईत जमतात, तिथे. दादरला राहणारे, विधुर, जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, आणि स्वतःच्या तीन जुन्या गाड्या. प्रदर्शनांत बक्षिसं मिळवलेले. आत्या घरी आल्यावर मला म्हणाली, “नखं बघायला हवी होतीस त्यांची.” दुसरी बाई एखाद्याच्या डोळ्यांबद्दल जशी बोलेल तशी ती त्या नखांबद्दल बोलत होती.

मग साहेब यायला लागले. आत्याच्या घरी पाहुण्यांसाठी स्टीलचे पेले असत, स्वतःचा निळा कप ती कोणाला देत नसे. साहेबांना चहा त्या कपातून गेला. हे मी वर जाऊन बाबांना सांगितलं, तेव्हा बाबा टीव्ही बंद करून उठून बसले. साहेब बशीत ओतून फुरकत नसत, बोलताना अंगावर येत नसत, आत येताना चप्पल सरळ करून ठेवत. आत्या त्यांच्यासमोर हसायची. बासष्टीची बाई, ओठांवर हात ठेवून हसायची.

शेवटी साहेबांनी रीतसर बाबांना विचारलं. “या वयात सोबत लागते हो. त्यांची हरकत नसेल तर रजिस्टर लग्न करू. गाडीही माझ्याकडे राहील, नीट छपराखाली.” बाबांनी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “बघू.” आत्याच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे होकारच. नाहीतर एव्हाना तोंड वाकडं झालं असतं.

पुढच्याच भेटीत साहेब एक खोकं घेऊन आले. आत मखमली कापड, कापडात कार्बोरेटर. सोन्यासारखा चमकत होता. “ओरिजिनल,” साहेब म्हणाले. “तुमच्या इंजिनावर कारखान्यातून जो आला असेल तोच. नंबर ताडून बघा.” बाबांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “सुरेख आहे.” हा शब्द आम्ही तिच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात दुसरा कार्बोरेटर आला, तो माशांच्या पाटीतून.

वरळी कोळीवाड्याची हिराबाय लालबागच्या बाजारात मासे घेऊन बसते. आत्या कित्येक वर्षं तिच्याकडूनच घ्यायची, कारण हिराबाय शिळा मासा स्वतःहून बाजूला टाकायची. आत्याने कधीतरी तिच्याजवळ कार्बोरेटरचं गाऱ्हाणं केलं होतं. हिराबायच्या सासऱ्याने म्हणे तरुणपणी अशाच एका मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचं इंजिन आणून होडीला लावलं होतं. होडी पळायची झकास, पण पेट्रोल एवढं प्यायची की परत किनाऱ्याला येण्याची चिंता. इंजिन पुढे भंगारात गेलं, हा तुकडा जाळ्यांखाली पडून राहिला.

“बघ बाय, आधीच सांगते,” हिराबायने पिशवी दारातच ठेवली. “वास मारतंय. उंदरांनी आत घर केलंय. आणि एक दांडी मोडलेली, ती सासऱ्याने पितळेने जोडलीय. मागून बोलायचं नाय.”

“नाही बोलणार. सुटे स्क्रू तरी कामाला येतील,” आत्या म्हणाली. तिचा कार्बोरेटर तर मखमलीत तयारच होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि दोन्ही कार्बोरेटर शेजारी शेजारी ठेवले. मला मदतीला बोलावलं. मी पिशवी सोडली आणि तोंडात पाणी सुटून ओकारी येईल असं झालं. उंदरांच्या लेंड्या, केसांचा गोळा, झुरळांची अंडी, माशांची वाळून काच झालेली खवलं, आणि तळाशी सुकलेल्या पेट्रोलचा डांबरासारखा चिकट थर. बोंबील आणि रॉकेल एकत्र कुजल्यासारखा दर्प. मी खिडकीशी पळाले. आत्याने हातमोजे घातले आणि एका जुन्या दातांच्या ब्रशाने शांतपणे घासायला सुरुवात केली. “धुतल्यावर जाणारी घाण आहे ही,” ती म्हणाली. “डबा दे रॉकेलचा.”

तास-दीड तासाने काळ्याखालून राखाडी धातू दिसायला लागला. मग बाजूला ठोकलेला नंबर. आकडे जरा वाकडे, एखाद्या कारागिराने घाईत हातोडी मारल्यासारखे. आत्याकडे त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेची झेरॉक्स होती. तिने नंबर ताडला. जुळला.

“अगं, हाच तो,” ती म्हणाली, आणि मग सहज, केवळ जुळणी म्हणून, साहेबांच्या कार्बोरेटरचा नंबर भिंगाखाली घेतला.

तोही जुळला. पण ती भिंग बाजूला करेना. मग मला दाखवलं. आकड्यांभोवतीची जागा कानशीने घासून सपाट केली होती, आणि नीट पाहिलं तर त्या सरळ, खोल आकड्यांच्या मागे दुसरेच आकडे पुसट दिसत होते.

त्यानंतर तिने दोन्ही उघडले. झाकणाखालची भोकं एकेक करून ताडत गेली. हिराबायच्या कार्बोरेटरचं झाकण आणि अंग एकमेकांना बरोबर बसत होतं, वरच्या भोकाखाली खालचं भोक. साहेबांच्यात झाकण एकाचं, अंग दुसऱ्याचंच. जिथे भोकं जुळत नव्हती तिथे भिंतीला भरतात ती लांबी भरून वर सोनेरी रंग मारलेला. आत्याने नख लावलं तर खपली निघाली. शेवटी तिने मागच्या दोन भोकांच्या झडपा बोटाने दाबल्या. हिराबायच्या झडपा कुरकुरत का होईना, उघडल्या. साहेबांच्या हलल्याच नाहीत. त्या डिंकासारख्या कशाने तरी जागेवर चिकटवलेल्या होत्या. चार भोकं दिसायला होती, श्वास दोनच घेणार होती, आणि तोही लांबीतून.

मला वाटलं आता नेहमीचा आवाज निघेल. निघाला नाही. तिने नखातली सोनेरी खपली कागदावर झटकली आणि नुसती बघत राहिली. तेव्हा मला भीती वाटली.

“आत्या, त्यांनाच कोणीतरी फसवलं असेल,” मी म्हटलं.

“असेल गं,” ती लगेच म्हणाली. “असंच असेल. विचारते त्यांना.” आणि आतल्या खोलीत जाऊन तिने साडी बदलली, कारण संध्याकाळी ते येणार होते.

साहेब आले. निळ्या कपातून चहा आला. दोन्ही कार्बोरेटर टेबलावरच होते. आत्या इतक्या हलक्या आवाजात बोलायला लागली की तिलाच काही कबूल करायचं आहे असं वाटावं. “तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमची फसवणूक झालीय.” तिने नंबर दाखवला, लांबी दाखवली, चिकटवलेल्या झडपा दाखवल्या.

साहेब ऐकत होते आणि हळूहळू हसायला लागले. “अहो, तुम्ही उघडलात होय? कमाल आहे! तसा खरा आता मिळतो कुठे? माझा एक माणूस आहे, तो करून देतो. काम बघा ना काय फर्स्ट क्लास आहे.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“माझ्या तिन्ही गाड्यांत त्याचंच काम आहे. परीक्षकांनासुद्धा ओळखता आलं नाही कधी.” हे ते अभिमानाने सांगत होते. “बॉनेट उघडून दाखवायला झकास. आणि बंद केल्यावर बघतंय कोण?”

“तुम्ही मला ओरिजिनल म्हणालात.”

“तुम्हाला आनंद व्हावा म्हणून म्हणालो. झाला की नाही?” आणि पुन्हा हसले.

आत्याने खुर्ची मागे सरकवली. “माका किळस येता,” ती म्हणाली. साहेबांना मालवणी कळली नसावी. “काय म्हणालात?”

“मला किळस येते. तुम्ही हसताय ना, त्या हसण्याची. उठा तुम्ही.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी रुमालाने बोटं पुसली, त्यांची ती स्वच्छ बोटं, खोकं उचललं, चप्पल घातली आणि गेले. आत्याने कप धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मग मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मी वर जाऊन सांगितलं तसे बाबा रागाने खाली आले. “लोखंडाच्या एका तुकड्यापायी? त्याने तुझ्यासाठी खटपट केली, ताई. जन्मभर नाक मुरडत बसलीस, आता म्हातारपणी एक बरा माणूस आला तर...”

“तो म्हणाला असता,” आत्याचा आवाज फाटला होता, “म्हणाला असता, की खरा नाही मिळाला गं, हा बनवून घेतलाय, चालवून घे. तर मी लावला असता रे. तोच लावून जन्मभर फिरले असते.”

“मग येईल तो. माफी मागेल.”

दोन-तीन दिवसांनी साहेबांचा निरोप आला खरा, मोबाईलवर. आत्याने फोन दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे केला. लिहिलं होतं: ‘रागावू नका. यापेक्षा चांगला करून देतो, तुम्हालासुद्धा ओळखता येणार नाही.’

मी तो तसाच बाबांच्या हातात दिला. बाबांनी वाचलं आणि ते जिना चढून वर गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

हिराबायचा कार्बोरेटर बसवायला आत्याने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हाताशी घेतलं. पितळेने जोडलेली दांडी बदलू या, असं तो म्हणाला तर तिने ऐकलं नाही. “मोडली होती, जोडली, आणि जोडलेली दिसतेय. राहू दे.” पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा बंदुकीसारखा बार निघाला, काजळीचा ढग उठला, आणि धातू तापल्यावर आत कुठेतरी उरलेल्या खवल्यांचा असा वास सुटला की अख्ख्या बिल्डिंगीने खिडक्या लावून घेतल्या. डंकावरचे लोक, ज्यांना कशाचा वास येत नाही, तेही नाक धरून बाहेर आले. वरून कोणीतरी ओरडलं, “आत्या, ईऽऽ!” आत्या त्या धुरात उभी राहून डोळे पुसत हसत होती.

रविवारी सकाळी तिने मला आणि हिराबायला गाडीत घातलं. पुढच्या सीटवर हिराबाय. पुलावर रस्ता मोकळा दिसला तेव्हा आत्याने पाय दाबला. मागची दोन भोकं उघडल्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पुढून कोणीतरी छाती भरून हवा ओढून घेतल्यासारखा तो आला, आणि आम्ही सगळ्या सीटला चिकटलो.

“अगो बाय माझे!” हिराबाय किंचाळली. “किती पेट्रोल खात असंल!”

“खाऊ दे,” आत्या म्हणाली.

कोळीवाड्याच्या तोंडाशी हिराबायला उतरवून आम्ही परतलो. सिग्नलला थांबल्यावर ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, “नखं चांगली होती गं त्यांची.”  सिग्नल सुटला, तिने गिअर टाकला.

दोनेक वर्षं ती गाडी चालवत राहिली. मग पोटाचं दुखणं निघालं. आपल्याला किती वेळ आहे हे तिने डॉक्टरांच्या आधी स्वतःच रिपोर्ट वाचून ओळखलं, आणि गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. गिरगावचे एक डॉक्टर आले. आत्याने त्यांना शेडमध्ये उभं करून गाडीतलं प्रत्येक वैगुण्य सांगितलं: कुठे पत्रा सडलाय, कुठला बल्ब दुसऱ्या गाडीचा आहे, कुठली दांडी जोडलेली आहे. डॉक्टर बिचारे घाबरले. “यात चांगलं काय आहे ते तरी सांगा.” ती म्हणाली, “ते चालवल्यावर कळेल.” ते घेऊन गेले. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती दारात उभी होती, मग आत जाऊन आडवी झाली.

शेवटी ती तिच्याच हॉस्पिटलात होती, परळला. भेटायला नातेवाईक यायचे. हाडं वर आलेली, कातडी पिवळी पडलेली, आणि ते म्हणायचे, “काय छान दिसतेयस गं आज! तेज आलंय चेहऱ्यावर.” आत्या डोळे मिटून घ्यायची. ते गेले की म्हणायची, “पुढच्या वेळी झोपलेय म्हणून सांग.”

एका सकाळी मी एकटीच तिच्याजवळ होते. तिला उलटी झाली, अंगावर, चादरीवर, माझ्या हातावर. काळपट, आंबूस. नर्स दुसऱ्या पेशंटकडे होती. मी कापूस आणि पाणी घेतलं आणि पुसायला लागले. माझ्या घशापर्यंत आलं होतं. तरी चेहरा हसरा ठेवून मी म्हणत होते, “काही नाही गं आत्या, एवढंस्संच आहे. वाससुद्धा येत नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. बोलायला तिला कष्ट पडायचे.

“स्मिते, खोटा बोलतंस तू.”

मी हात थांबवला.

“घाण येता ना?”

“येते,” मी म्हटलं.

“खूप?”

“खूप येते, आत्या.”

“मग तोंड फिरव जरा. श्वास घे. कोणी पळून जात नाही.”

मी खिडकीकडे तोंड केलं, मोठा श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्या वासाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मग परत वळले आणि तिचा गळा, छाती, हात नीट पुसत गेले. तिने कधी कोणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. आता तिने आपलं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, आणि माझं पुसून होईपर्यंत तिथेच ठेवलं.